रात्रपाळीचे पतंग

डिसेंबरअखेर सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातला हरभरा घाट्यावर येतो. तेव्हा कुठल्याही शेतात वाकून पाहा. एखाद्या घाट्याला गोल भोक पडलेलं असतं आणि त्यात एक अळी डोकं खुपसून बसलेली असते. पुढचं निम्मं अंग आत, मागचं निम्मं बाहेर. दाणा संपेपर्यंत तिला बाहेरच्या जगाशी देणंघेणं नसतं. एक अळी हिरवी, शेजारच्या झाडावरची तपकिरी, पलीकडची पिवळसर, एखादी चक्क गुलाबी. नवख्या माणसाला या चार जाती वाटतील, पण चौघी एकाच आईच्या असू शकतात. ही घाटे अळी. शास्त्रीय नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. हीच तुरीत शेंगा पोखरते, टोमॅटोत फळ पोखरते आणि कापसावर गेली की बोंड अळी म्हणवून घेते.

हरभऱ्यानं तिच्यासाठी बंदोबस्त केलेला नाही असं नाही. थंडीच्या पहाटे या झाडावर आंब धरते. जुनी माणसं पिकावरून स्वच्छ फडकं फिरवून ते पिळून ती गोळा करायची आणि पोटदुखीसाठी जपून ठेवायची. त्या आंबेत मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्लं असतात. पिकातून अनवाणी चाललं की पाय चरचरतात ते त्यांच्यामुळेच. ऑक्झॅलिक आम्लानं घाटे अळीची वाढ खुंटते, हे प्रयोगांतही दिसलं आहे. तरी अळी येते, खाते आणि मोठी होते.

या अळीची सगळी कुंडली शेतकऱ्याला पाठ आहे. पण अळी म्हणजे या जीवाचं दिवसा दिसणारं बालपण. पोट भरलं की ती मातीत उतरते, कोष करते आणि काही दिवसांनी रात्रीच्या अंधारात पतंग होऊन बाहेर पडते. मळकट, राखाडी-तपकिरी, पंख पसरले तर जेमतेम चार सेंटिमीटर. अंगणातल्या दिव्याखाली दिसला तर आपण केरसुणीनं झटकून टाकतो. मला विचाराल तर खरी गोष्ट तिथून सुरू होते.

हा पतंग नॉक्टुइडी कुळातला. जगात या कुळाच्या बारा हजारांच्या आसपास जाती आहेत. त्यातल्या बहुतेकांना आपल्या शेतीशी काही कर्तव्य नाही, पण जी थोडी नावं आपल्याला छळतात ती चांगलीच ओळखीची आहेत: मका-ज्वारीच्या पोंग्यातली लष्करी अळी, रोप जमिनीलगत कापून दिवसा ढेकळाखाली दडणारी कुरतडणारी अळी, सोयाबीनची चाळण करणारी पाने खाणारी अळी, खोडात शिरणारा गुलाबी खोडकिडा. ही सगळी एकाच कुळाची पोरं.

आणि या कुळाला कान आहेत. डोक्यावर नाहीत, छातीच्या मागच्या भागात, पोट सुरू होतं तिथे, दोन्ही बाजूंना एकेक. एक पातळ पडदा आणि त्यामागे ऐकण्यासाठी फक्त दोन चेतापेशी. माणसाच्या एका कानात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार पेशी असतात. इथे दोन, आणि त्या दोनांवर जीव वाचतो. वटवाघूळ शिकार शोधताना माणसाला ऐकू न येणारे अतिउच्च आवाज सोडतं आणि त्यांचे प्रतिध्वनी टिपतं. पतंगाचे कान नेमके त्याच आवाजांसाठी घडलेले आहेत. अमेरिकेत केनेथ रोडर यांनी 1950 आणि 60च्या दशकांत पतंगाच्या कानाच्या चेतेला बारीक तार जोडून तिच्यातले संदेश टिपले. वटवाघळाला पतंगाचा पत्ता लागण्याच्या कितीतरी आधी, तीसेक मीटरवरूनच, पतंगाला वटवाघळाची चाहूल लागते. दोनपैकी एक पेशी फार संवेदनशील, ती लांबचा आवाज टिपते. पतंग शांतपणे दिशा बदलून निघून जातो. आवाज जवळ आला, मोठा झाला की दुसरीही पेशी जागी होते. मग दिशा वगैरे काही नाही. गिरक्या, कोलांट्या, नाहीतर पंख मिटून थेट जमिनीवर.

याच कानात एक जीव राहतो, तो तर कहर आहे. एक सूक्ष्म कोळीवर्गीय परजीवी पतंगाच्या कानात घर करतो, तिथेच अंडी घालतो आणि तो कान कायमचा बहिरा करतो. पण अशर ट्रीट नावाच्या अमेरिकी अभ्यासकाला 1950च्या दशकात दिसलं की हे परजीवी एकाच कानात गर्दी करतात. पहिली मादी कान निवडते, मागून येणाऱ्या तिच्याच वाटेनं त्याच कानात शिरतात आणि दुसरा कान शाबूत राहतो. दोन्ही कान गेले तर पतंग वटवाघळाच्या तोंडी जाईल आणि त्याच्याबरोबर बिऱ्हाडही. ट्रीट यांना हा प्रकार ज्या पतंगांत सापडला, त्यात अमेरिकेतली एक लष्करी अळीही होती. म्हणजे आपल्याच खलनायकाची नातलग.

कानानंतर नाक, म्हणजे मिशा. घाटे अळीची मादी रात्री एका जागी बसून गंध सोडते, नर वाऱ्याच्या उलट दिशेनं माग काढत येतो. हा गंध मुख्यतः दोन रसायनांचा असतो आणि त्यांचं प्रमाण साधारण 97 ला 3 असं ठरलेलं असतं. मिश्रण बिघडलं की नराची ओढही ओसरते. या एका गुणावर शेतातला कामगंध सापळा उभा आहे. प्लास्टिकचं नरसाळं, खाली पिशवी आणि वर रबराच्या छोट्या बोंडात भरलेला मादीचा नकली गंध, ज्याला सगळे ल्युर म्हणतात. घाटे अळीची ल्युर वेगळी, लष्करी अळीची वेगळी. एकीला लावलेला हात दुसरीला लावू नये असं सांगतात, ते उगाच नाही.

इथे एक गैरसमज मात्र फार पसरलेला आहे. सापळे लावले की किडीचा नायनाट होतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. सापळ्यात अडकतो तो नर. अंडी घालणारी मादी बाहेर मोकळीच असते आणि एक मादी हजारभर अंडी घालू शकते. थोडे सापळे लावतो तेव्हा त्यांचं खरं काम मोजणीचं असतं.

आता पंख. 2016 मध्ये अमेरिकेतली लष्करी अळी, स्पोडोप्टेरा फ्रुगिपर्डा, पश्चिम आफ्रिकेत सापडली. तिचा पतंग वाऱ्याची साथ असेल तर एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जातो. मे 2018 मध्ये ती कर्नाटकात शिवमोग्याच्या मक्यावर दिसली आणि त्याच वर्षी पावसाळा संपता संपता सोलापूर जिल्ह्यातल्या मक्यात. डोक्यावर इंग्रजी वाय हे अक्षर उलटं काढल्यासारखी खूण आणि शेपटीकडे चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके, ही तिची ओळख. पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा साचली की खाली ती आहे असं खुशाल समजावं, आणि बहुधा एकटीच. कारण एका पोंग्यात दोघी मोठ्या झाल्या तर एक दुसरीला खाते. मक्यावरून ती ज्वारीवर आली. मालदांडी 35-1 ही ज्वारी 1930च्या दशकात मोहोळलाच निवडली गेली आणि आजही सोलापूरकराच्या भाकरीची खरी मालकीण तीच. तिच्या पोंग्यातही आता हा परदेशी पाहुणा बसतो. 2019 मध्ये ही अळी चीनमध्ये होती, 2020 मध्ये ऑस्ट्रेलियात.

पण आपणच बिचारे असं समजायचं कारण नाही. त्याआधी, 2013 मध्ये, आपल्या जुन्या जगातली घाटे अळी ब्राझीलमध्ये सापडली आणि तिथल्या सोयाबीन-कापसाची तिनं दाणादाण उडवली.

याच कुळातला ऑस्ट्रेलियाचा बोगाँग पतंग. त्याची अळीही पिकं कुरतडणारीच. पतंग मात्र उन्हाळ्यापूर्वी हजारेक किलोमीटर उडून थंड डोंगरांतल्या गुहा गाठतो, तिथे उन्हाळा झोपून काढतो आणि परत फिरतो. आयुष्यात ही वाट त्यानं कधीच पाहिलेली नसते. हा पतंग आकाशातल्या ताऱ्यांवरून दिशा ठरवतो, हे 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानं दाखवलं. तोवर लांबच्या प्रवासातली ही करामत माणूस आणि काही पक्ष्यांच्याच नावावर जमा होती. मेंदू तांदळाच्या दाण्याहून लहान, आणि त्यात आकाशाचा नकाशा!

डाळिंबवाल्यांचा शत्रू जरा वेगळा, पूर्वी याच कुळात धरला जाणारा रस शोषणारा पतंग. त्याची अळी बांधावरच्या गुळवेलीवर, वासनवेलीवर निमूट वाढते आणि पिकाच्या वाटेला जात नाही. उपद्रव मोठेपणीचा. सोंडेचं टोक काटेरी आणि टणक, त्यानं तो डाळिंबाची साल भोसकतो. सकाळी फळावर टाचणीएवढं छिद्र दिसतं, दोन दिवसांत तिथून सड. म्हणून बागायतदार संध्याकाळी बागेत धूर करतात.

या सगळ्या रात्रीच्या कारभारावर सगळ्यात चलाख इलाज मला वाटतो तो एका विषाणूचा. एचएएनपीव्ही हे त्याचं नाव. तो घाटे अळीच्या पोटात गेला की काही दिवसांनी अळी वेड्यासारखी झाडाच्या शेंड्याकडे चढू लागते. तिची प्रकाशाची जाण विषाणू बदलतो, असं 2022 च्या एका अभ्यासात दिसलं. शेंड्यावर ती मागच्या पायांनी उलटी लटकते आणि मरते. मग कातडी फाटून विषाणूंनी भरलेला पाझर खालच्या पानांवर गळतो आणि त्या पानांवरच्या अळ्यांना पुढचं जेवण त्याचंच मिळतं. हेक्टरी 250 एलई अशी त्याची मात्रा सांगतात. एक एलई म्हणजे विषाणूंचे सहा अब्ज कण. उन्हानं हे कण मरतात, म्हणून फवारणी संध्याकाळी करायची आणि फवाऱ्यात कपड्यांची नीळ मिसळायची.

रासायनिक औषधांची गोष्ट इतकी सरळ नाही. 1987 मध्ये आंध्रातल्या कापसावर घाटे अळी पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांना दाद देईनाशी झाली. फवारण्या वाढत गेल्या आणि अळी तशीच राहिली. त्यानंतरही अनेक गावांत शेजाऱ्यानं पंप पाठीला लावला की आपणही लावायचा, हाच हिशेब चालतो.

तेव्हा यंदा हरभरा पेरताना बियाण्यात मूठ-दोन मूठ ज्वारी मिसळा. तिच्या ताटांवर कोतवाल आणि साळुंक्या येऊन बसतात आणि अळ्या टिपतात. फुलं दिसू लागली की एकरी दोन कामगंध सापळे लावा, त्यातले पतंग रोज सकाळी मोजून वहीत लिहा, महिनाभरात ल्युर बदला. सलग दोन-तीन दिवस एका सापळ्यात आठ-दहा पतंग आले तर ओळीत उतरून अळ्या शोधा. एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या सापडल्या तरच फवारणी करा, आणि सुरुवात निंबोळी अर्कानं किंवा विषाणूनं करा. शंका असेल तर मोहोळचं कृषी विज्ञान केंद्र जवळच आहे; अळी डबीत घालून घेऊन जा.