ड्रम सेटचा आवाज दणदणीत करायचाय? नवा सेट नको, चावी आणि मोबाईल घ्या

पेणपासून रोह्यापर्यंत गणपती असो की हळद, बेंजो पार्टीशिवाय मजा नाही. आता आपल्याकडची पोरं बेंजोसोबत रॉकही वाजवायला लागलीत. मी पेणचा, दोन्हीकडे ड्रम वाजवतो. एक तक्रार मला कायम ऐकू येते: "आपला सेट हलका आहे रे, आवाजच पडत नाही. मोठा सेट घेऊ." थांबा! बऱ्याच वेळा सेट ठीक असतो, पण त्याची पानं वाकडीतिकडी ताणलेली असतात. हे मोबाईलवर तपासायचं कसं आणि सुधारायचं कसं, ते आज बघूया.

ढोलकीला सूर असतो, ड्रमला का नाही?

ढोलकीच्या किंवा तबल्याच्या पानावर शाई असते. शाईच्या वजनामुळे पानातून निघणारे वेगवेगळे स्वर एकमेकांशी जुळतात. सी. व्ही. रामन यांनी यावर १९२० मध्येच 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत लिहिलं होतं.

ड्रमचं प्लास्टिकचं पान कोरं असतं. त्याचा मूळ स्वर १ धरला, तर वरचे स्वर साधारण १.५९ पट, २.१४ पट असे आडनिडे येतात. म्हणजे ते आधीच एकमेकांशी जुळत नाहीत. त्यात एक बोल्ट घट्ट आणि शेजारचा सैल असेल, तर पानाच्या प्रत्येक भागाचा स्वर वेगळा होतो. हे स्वर आपसात भांडतात, आवाज थरथरतो आणि लगेच मरतो. कितीही जोरात मारा, 'धम्म'ऐवजी 'फट्ट'च येणार.

आधी पान नीट बसवा

१. सगळे बोल्ट सोडा, पान काढा. ड्रमची कड कोरड्या फडक्याने पुसा.
२. पान आणि रिम ठेवून सगळे बोल्ट बोटांनी फिरतील तेवढेच घट्ट करा.
३. चावीने प्रत्येक बोल्ट अर्धा फेरा फिरवा. पण ओळीने नाही! एक झाला की त्याच्या बरोबर समोरचा, मग बाजूचा, मग त्याच्या समोरचा. गाडीच्या चाकाचे नट आवळतात ना, तसंच.
४. पान नवं असेल तर मधोमध तळहाताने हलका दाब द्या, म्हणजे ते कडेला बसेल. मग पुन्हा थोडं थोडं आवळा.
५. खालच्या पानालाही हेच करा. वरचं पान बदलतात, पण खालच्याकडे वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. ड्रमचा आवाज किती वेळ घुमणार हे बरंचसं खालचं पान ठरवतं.

आता मोबाईल काढा

अँड्रॉइडवर 'स्पेक्ट्रॉइड'सारखं फुकट स्पेक्ट्रम ॲप चालेल. खास ड्रमसाठी 'आयड्रमट्यून'सारखी ॲप्सही आहेत. स्पेक्ट्रम ॲपमध्ये एक सेटिंग नक्की बघा: एफएफटी साईज. ४८,००० नमुन्यांच्या रेकॉर्डिंगला ही साईज ४०९६ असेल, तर ॲपच्या दोन खुणांमध्ये जवळपास १२ हर्ट्झचं अंतर पडतं. दोन बोल्टमधला ४ हर्ट्झचा फरक त्यात दिसणारच नाही. १६३८४ केलंत तर हेच अंतर साधारण ३ हर्ट्झवर येतं.

ड्रम स्टूलवर किंवा गादीवर ठेवा, म्हणजे खालचं पान गप्प राहील. वरच्या पानावर प्रत्येक बोल्टपासून दोन बोटं आत काठीने हलकेच टोका आणि सगळ्यात उंच टोक कुठे येतं ते बघा. सगळीकडे आकडा जवळपास सारखा आला पाहिजे. कमी असेल तिथे चावी पाव फेरा. जास्त असेल तिथे आधी सोडा, मग खालून वर आणा.

कडेचा आकडा मधल्या आकड्यापेक्षा बराच जास्त येतो, कारण कडेला टोकल्यावर वर सांगितलेला दुसरा स्वर जास्त वाजतो. तेव्हा कडेची तुलना कडेशीच करा.

रॉकसाठी किती ताणायचं?

पुढचे आकडे पानाच्या मधोमध टोकून येणारे, सुरुवातीला धरायचे आहेत. शेवटी कान सांगेल ते खरं.

- १२ इंची टॉम: १०० ते १३० हर्ट्झ. दोन्ही पानं सारखी ताणली तर आवाज लांब घुमतो. खालचं थोडं जास्त ताणलं तर घुमणं जरा कमी होऊन आवाज आटोपशीर येतो.
- १६ इंची फ्लोअर टॉम: ६५ ते ८५ हर्ट्झ.
- १४ इंची स्नेअर: १८० ते २२० हर्ट्झ. खालचं पातळ पान चांगलं घट्ट, वरचं मध्यम. तारा जास्त आवळल्या तर आवाज गुदमरतो.
- २२ इंची बेस: ४५ ते ६० हर्ट्झ. सुरकुत्या जातील त्याच्या जरासं पुढेच ताणा. आत एक छोटी उशी पानाला टेकेल एवढीच ठेवा. गोधडी कोंबू नका!

स्वर दुप्पट उंच करायचा तर ताण चौपट लागतो. म्हणून नुसतं आवळत राहून दम येत नाही, उलट ड्रम 'टिंग' करायला लागतो.

रॉकमधलं गाजलेलं उदाहरण म्हणजे लेड झेपलिनचा जॉन बॉनम. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' हे १९७१ च्या अल्बममधलं गाणं ऐका. ड्रम एका जुन्या घराच्या जिन्याखालच्या हॉलमध्ये ठेवले आणि माईक वर जिन्यात टांगले. मोकळे घुमणारे ड्रम आणि उंच जागा यातून तो आवाज आला.

मोबाईलवरून ऐकून ठरवू नका

मोबाईलच्या स्पीकरमधून ५०-६० हर्ट्झ जवळपास येतच नाही. म्हणून व्हिडिओत बेस 'टक' वाजतो. इअरफोन लावून ऐका. रेकॉर्डिंग करताना फोन सेटपासून चार-पाच हात लांब ठेवा, नाहीतर आवाज फाटतो.

कोकणातलं ऊन-पाऊस

चामड्याचं पान पावसात ओल धरून उतरतं. प्लास्टिकचं पान ओल शोषत नाही, पण उन्हात तापलं की सैल पडतं. त्यामुळे दुपारी ट्रॉलीवर केलेलं ट्यूनिंग रात्री तसंच राहत नाही. वाजवायच्या जागी पोचल्यावर दहा मिनिटं पुन्हा तपासा.

आणि कान सांभाळा

नीट ट्यून केलेल्या ड्रमवर कमी जोर लावूनही आवाज भरतो, हा सगळ्यात मोठा फायदा. सुरक्षेचं एक प्रचलित गणित असं: ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं! गेलेली ऐकण्याची ताकद परत येत नाही. इअरप्लग घाला. बंद खोलीत सराव असेल तर नक्कीच.

या रविवारी एकच ड्रम घ्या आणि चावी फिरवायच्या आधी एकदा रेकॉर्ड करा. ट्यून झाल्यावर पुन्हा करा आणि दोन्ही क्लिप ग्रुपवर टाका. नवा सेट घ्यायचा की नाही, ते त्यानंतर ठरवा.