बिनतारी शब्द आला. बिनतारी वीज का आली नाही?

माटुंगा स्थानकाच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला एक विसंगती रोज दिसते. पण ती सहसा त्याच्या ध्यानात येत नाही. रुळांच्या वर विजेची तार ताणलेली असते. गाडीच्या टपावरचा सांगाडा त्या तारेला घासत पुढे सरकतो आणि तो तारेपासून किंचित सुटला तरी ठिणगी उडते. मुंबईत विजेची पहिली गाडी १९२५ साली धावली. तेव्हापासून गाडीचे तारेशी जडलेले हे नाते सुटलेले नाही. उलट, त्याच गाडीत दाटीवाटीने उभा असलेला प्रवासी खिशातल्या यंत्रावर घरच्यांशी बोलतो, बातम्या ऐकतो, आणि त्याला कोणत्याही तारेची गरज भासत नाही. शक्तीला तार लागते, शब्दाला लागत नाही. असे का व्हावे?

प्रश्न शाळकरी वाटेल. तथापि सव्वाशे वर्षांपूर्वी एका थोर संशोधकाने याच प्रश्नापायी आपली कीर्ती, पैसा आणि आयुष्याची उमेदीची वर्षे पणाला लावली. निकोला टेस्ला हे त्याचे नाव. शक्ती आणि शब्द यांत निसर्गाने असा भेद केला आहे, हेच त्याला मान्य नव्हते.

टेस्लाचे मोठेपण निर्विवाद आहे. १८८८ साली त्याने बहुकला प्रत्यावर्ती विद्युत्‌प्रवाहाचे पेटंट मिळवले आणि वीज दूरवर वाहून नेण्याचा मार्ग मोकळा झाला. त्या पद्धतीचे फळ मुंबईला १९१५ साली मिळाले. खोपोलीला सह्याद्रीच्या पाण्यावर टाटांनी निर्माण केलेली वीज सुमारे सत्तर किलोमीटरचे अंतर तारांवरून कापून परळला आली आणि गिरणगावातील यंत्रे तिच्यावर फिरू लागली. परळ-लालबागच्या कामगाराला टेस्लाचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्याच्या मागावर येणारी शक्ती याच विद्येने आली होती.

ज्याच्या विद्येने जगभर तारा पसरल्या, त्यालाच पुढे तारा नकोशा झाल्या. १८९१ साली न्यूयॉर्क येथील व्याख्यानात टेस्लाने वायूने भरलेल्या काचनळ्या हातात धरून, त्यांना तार न जोडता, उजळून दाखवल्या. १८९८ साली त्याने बिनतारी संकेतांवर चालणारी छोटी नौका लोकांसमोर हाकून दाखवली. १८९९ साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे प्रयोगशाळा उभारून त्याने लक्षावधी व्होल्ट दाबाचे कृत्रिम वीजकल्लोळ निर्माण केले. त्याची कल्पना अशी की पृथ्वी हाच एक प्रचंड विद्युत्‌वाहक आहे. तिला योग्य ठेका दिला की जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात, जमिनीत सळई खुपसून, वीज काढून घेता येईल. या विश्वासावर त्याने १९०१ साली न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफ येथे मनोरा उभारण्यास घेतला. जे. पी. मॉर्गन या धनिकाने त्यासाठी दीड लाख डॉलर देण्याचे कबूल केले. परंतु त्याच वर्षीच्या डिसेंबरात मार्कोनीने पुष्कळ साध्या साहित्याने अटलांटिक महासागरापलीकडे संकेत पोचवल्याचे जाहीर केले. मॉर्गनने पुढे हात आखडता घेतला. मनोरा अपुरा राहिला, हॉटेलच्या थकलेल्या बिलापोटी ती जागा टेस्लाला लिहून द्यावी लागली आणि १९१७ साली मनोरा पाडण्यात आला.

या शोकांतिकेभोवती एक लोकप्रिय कथा रचली गेली आहे. जगाला फुकट वीज मिळणार होती. 'मग मीटर कोठे बसवावयाचा?' असे म्हणून भांडवलदाराने तिचा गळा घोटला, असे ती कथा सांगते. मॉर्गनच्या तोंडी घातलेल्या या उद्गाराला विश्वसनीय आधार नाही. कोलोरॅडोच्या माळावर कित्येक मैलांवरचे दिवे टेस्लाने पेटवले, ही आख्यायिकाही तशीच. प्रयोगशाळेच्या जवळपास त्याने दिवे पेटवले हे खरे. त्यापलीकडचा पुरावा नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ साली, टेस्लाच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, 'रेडिओचा जनक टेस्लाच' असा निवाडा दिला, असेही बिनदिक्कत सांगितले जाते. वास्तविक न्यायालयाने मार्कोनीच्या एका पेटंटातील काही दावे, लॉज, टेस्ला आणि स्टोन यांच्या आधीच्या कामामुळे, अग्राह्य ठरवले. जनकत्वाचा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच.

अन्याय झालेल्या प्रतिभावंताची कथा मनाला सुखावते, कारण ती एक खलपुरुष हाती देते. पण ती विद्यार्थ्याला एका आकडेमोडीपासून दूर ठेवते, आणि हे नुकसान लहान नाही. ती आकडेमोड मुंबईच्याच उदाहरणावर करता येते.

ऑगस्ट १९२१ मध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया कचेरीतून, टपाल व तार खात्याच्या साह्याने, संगीताचा एक कार्यक्रम प्रक्षेपित झाला आणि गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यात ऐकला. जून १९२३ मध्ये मुंबईच्या हौशी मंडळींच्या रेडिओ क्लबने आपला पहिला कार्यक्रम केला. त्यानंतर २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र व्हाइसरॉय आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. या केंद्राचा प्रक्षेपक दीड किलोवॅट शक्तीचा, म्हणजे आजच्या भाषेत घरातील एका विजेच्या इस्त्रीहून फारसा मोठा नव्हता.

समजा, ही सगळी शक्ती जमिनीच्या वर, अर्धगोलाच्या आकारात, सर्व दिशांना सारखी पसरली. दहा किलोमीटरवर पोचेपर्यंत दर चौरस मीटरच्या वाट्याला जेमतेम अडीच मायक्रोवॅट शक्ती येते. म्हणजे एका वॅटचे दहा लाख भाग केले तर त्यातले अडीच. अंतर दुप्पट केले की वाटा चौपटीने घटतो. दहा वॅटचा एक साधा दिवा पेटवावयाचा तर दोन किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद एवढ्या जागेवर येणारी सगळी शक्ती, तिळमात्र वाया न घालवता, गोळा करावी लागेल. खोपोलीची वीज अशा रीतीने परळला आणावयाची म्हटली असती तर गिरणीचा एक मागही हलला नसता.

मात्र त्याच अडीच मायक्रोवॅटमध्ये संपूर्ण मैफल सामावू शकते. माणसाच्या कानाला ऐकू येण्यास याहूनही कमी शक्ती पुरते. शब्दाचे काम ओळखीवर भागते. शक्तीचे काम मापाशिवाय भागत नाही. निरोप्याने आणलेली चिठ्ठी चिमूटभर कागदाची असली तरी निरोप पुरा पोचतो. धान्य मात्र चिमूटभर पोचले तर ते पोचले असे कोणी म्हणत नाही. टेस्लाने निरोप आणि धान्य एकाच मापाने मोजले, हीच त्याची चूक होती.

तरीही टेस्लाचे स्वप्न अगदीच पोकळ होते असे मानणे अन्यायाचे ठरेल. त्या काळच्या श्रोत्यांपैकी पुष्कळांकडे स्फटिकाचा संच, म्हणजे क्रिस्टल सेट असे. त्यात तारेचे एक वेटोळे, एक स्फटिक, त्यावर टेकवलेले बारीक तारेचे टोक आणि कानाला लावावयाचे श्रवणयंत्र एवढाच सरंजाम असे. त्याला बॅटरी लागत नसे, भिंतीतली वीजही लागत नसे. गच्चीवर ताणलेल्या एरियलने हवेतून जी शक्ती टिपली, तीच श्रवणयंत्राचा पडदा हलवी आणि गाणे ऐकू येई. दूरच्या प्रक्षेपकाची शक्ती, तारेविना, श्रोत्याच्या कानात प्रत्यक्ष काम करीत होती. टेस्लाचे स्वप्न अणुमात्र मापाने खरे झालेले मुंबईतल्या श्रोत्यांनी अनुभवले.

या संचातील स्फटिकाशी एका भारतीय संशोधकाचे नाव निगडित आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात काही मिलिमीटर लांबीच्या विद्युत्‌चुंबकीय लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. पुढे गॅलिना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक अशा लहरी ओळखू शकतो, हे त्यांनी दाखवले. ज्ञान विकावयाचे नसते, या निष्ठेने पेटंटाला विन्मुख असलेल्या बोस यांनी मित्रांच्या आग्रहामुळे त्याचे अमेरिकन पेटंट घेतले. ते १९०४ साली मंजूर झाले. त्यातून धन मिळवण्याची खटपट मात्र त्यांनी केली नाही.

मीटरचा प्रश्न मुंबईत खरोखरच उभा राहिला. पण विजेच्या बाबतीत नव्हे, शब्दाच्या बाबतीत. ब्रॉडकास्टिंग कंपनीचे उत्पन्न मुख्यतः वर्षाला दहा रुपयांच्या परवाना शुल्कावर अवलंबून होते. परंतु लहर परवाना पाहून घरात शिरत नाही. पुष्कळ लोक विनापरवाना ऐकत आणि १९२९ अखेरही देशातील परवान्यांची संख्या आठ हजारांच्या आतच होती. मार्च १९३० मध्ये कंपनी दिवाळ्यात निघाली आणि एप्रिलपासून सरकारने कारभार हाती घेतला. जी वस्तू सर्वांना सारखी पोचते, तिचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न एखाद्या भांडवलदाराच्या दुष्टाव्यातून निर्माण होत नाही. तो त्या वस्तूच्या स्वभावातच असतो. टेस्लाचा मनोरा यशस्वी झाला असता तर त्यालाही याच प्रश्नाला सामोरे जावे लागले असते.

शक्ती थोडी असली तरी शब्द किती मोठे काम करतो, याची साक्षही याच शहराने दिली. ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ हे भूमिगत केंद्र सुरू केले. पोलिसांना चुकवीत एका घरातून दुसऱ्या घरात हलवावा लागणारा तो प्रक्षेपक क्षीण शक्तीचाच होता. १२ नोव्हेंबर रोजी पोलिसांनी छापा घालून तो बंद पाडला. पण तोवर वृत्तपत्रांना जे छापता येत नव्हते ते त्याने लोकांच्या कानी घातले होते. ती शक्ती थोडीच होती. सरकारला मात्र तिची धास्ती वाटली.

बिनतारी शक्तीचा शोध टेस्लाबरोबर संपला नाही. सर्व दिशांना उधळण्याऐवजी लहरींचा झोत एकाच दिशेने सोडला तर वाया जाणारा भाग कमी होतो. १९२७ साली पुण्याजवळ खडकीला प्रक्षेपण आणि दौंडला ग्रहण करून इंग्लंडशी जी बिनतारी तारसेवा सुरू झाली, ती याच तत्त्वावर होती. १९७५ साली कॅलिफोर्नियात गोल्डस्टोन येथे सूक्ष्मलहरींच्या झोताने सुमारे दीड किलोमीटरवर तीस किलोवॅटहून अधिक शक्ती पोचवण्यात आली. मात्र त्यासाठी थोरली तबकडी आणि पलीकडे ग्राहकांची मोठी भिंत उभारावी लागली. आज मेट्रोच्या फाटकाशी प्रवासी जे कार्ड टेकवतो, त्यात बॅटरी नसते. फाटकातील यंत्राच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून त्याला वीज मिळते आणि त्या विजेवर ते आपली ओळख सांगते. अंतर दोन-चार सेंटिमीटर असले की निसर्ग टेस्लाच्या बाजूने असतो. मैलांची गोष्ट आली की हिशेब पुढे येतो.

हा हिशेब विद्यार्थ्यांना शिकवला जातो काय, हा खरा प्रश्न आहे. सूत्र पाठ होते, टेस्लाची सुरस कथाही पाठ होते. पण हवेतून आलेल्या शक्तीने आपल्या कानात आवाज उमटवला, हा अनुभव फारच थोड्यांना मिळतो. तो मिळवून देण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. तांब्याची तार, एक जर्मेनियम डायोड, एक लहान कपॅसिटर आणि स्फटिकी इअरफोन एवढे साहित्य लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत धुंडाळता येते. अडचण वेगळीच आहे. असा संच मध्यम लहरींवर चालतो आणि आकाशवाणीची मध्यम लहरींवरील अनेक केंद्रे गेल्या काही वर्षांत बंद झाली आहेत. ज्या दिवशी ती लहरच थांबेल, त्या दिवशी भौतिकशास्त्रातील हा सर्वांत स्वस्त प्रयोग शाळकरी मुलांना कायमचा दुरावेल.

ज्या वर्षी रेडिओ क्लबने मुंबईच्या हवेत पहिला कार्यक्रम सोडला, त्याच १९२३ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था, भायखळ्याहून माटुंग्याला आली. पाच बागांच्या परिसरात तेव्हापासून अभियंत्यांच्या पिढ्या घडल्या. या परिसरात शाळा आहेत, महाविद्यालये आहेत, शिक्षकांची वाण नाही. माध्यमिक शाळेच्या प्रत्येक तुकडीने वर्षातून एकदा गच्चीवर एरियल ताणावी, स्वतः गुंडाळलेल्या वेटोळ्यावर आकाशवाणी ऐकावी आणि मग फळ्यावर अडीच मायक्रोवॅटचा हिशेब मांडावा. त्या मुलांना टेस्ला किती मोठा होता हे वेगळे सांगावे लागणार नाही, आणि तो कोठे चुकला हेही. पुढे माटुंग्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना डोक्यावरची तार त्यांना निराळी दिसेल.