दयाळूपणाचा तास : वर्ध्याच्या भूमीतून घेण्याजोगे काही

लहान मुलांना दयाळूपणा कसा शिकवावा, हा प्रश्न पालकसभांतून आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांतून वारंवार विचारला जातो. बहुतेक शाळांनी त्याचे उत्तर वेळापत्रकात शोधले आहे. आठवड्यातून एक तास मूल्यशिक्षणाचा, त्यात एक बोधकथा, फळ्यावर एक सुविचार आणि वर्षाअखेरीस गुणी विद्यार्थ्याला प्रशस्तिपत्रक. ह्या तासाला आमचा विरोध नाही. तथापि पाच वर्षांचे मूल सुविचार खणखणीत आवाजात म्हणून दाखवते आणि खाली बसताच शेजारच्याची पेन्सिल हिसकावून घेते, हे प्रत्येक बालवाडीताईने पाहिलेले आहे. लहान मूल दयाळूपणा कानांपेक्षा हातांनी अधिक शिकते, असे आम्हांस वाटते. ह्या मताला आधार शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. तो वर्धा जिल्ह्यात, सेवाग्राम येथे सापडतो.

दिनांक २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्यातून डॉ. झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी मातृभाषेतून, हस्तोद्योगाच्या आधारे शिक्षण देण्याची योजना तयार झाली. तिलाच पुढे 'नई तालीम' हे नाव रूढ झाले. हे काम सांभाळणाऱ्या हिंदुस्तानी तालीमी संघाची धुरा आशादेवी व त्यांचे पती ई. डब्ल्यू. आर्यनायकम् ह्या दांपत्याने वाहिली. दोघेही शांतिनिकेतनातून आलेले. आर्यनायकम् हे सिलोनमधील तमिळ ख्रिस्ती कुटुंबातील होते, ही गोष्ट आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसावी. १९४४ साली तुरुंगातून सुटल्यानंतर गांधीजींनी ह्या शिक्षणाची व्याप्ती वाढविली आणि सात वर्षांखालील बालकांचाही त्यात समावेश झाला. सेवाग्रामच्या ह्या पूर्व-बुनियादी वर्गांचे काम शांता नारुळकर यांनी केले. कालांतराने जुनी शाळा बंद पडली. मात्र २००५ साली नई तालीम समितीने त्याच परिसरात 'आनंद निकेतन' ही मराठी माध्यमाची शाळा नव्याने सुरू केली.

ह्या परंपरेत सफाई, स्वयंपाक, सूतकताई आणि शेतीकाम हे अभ्यासाचेच भाग मानले जातात. बाहेरच्या माणसाला ते हस्तकलेचे तास वाटतात. पण त्यांत दडलेले शिक्षण निराळे आहे. ज्या मुलाने सकाळी वर्ग झाडला, त्याला दुपारी कागदाचे कपटे टाकणाऱ्या मित्राचा राग येतो. पुढच्या आठवड्यात पाळी बदलते आणि तोच मित्र झाडू हातात घेतो. कपटा टाकला की कोणाला तरी वाकावे लागते, ही जाणीव मग त्या दोघांनाही सांगावी लागत नाही. जेवण वाढणाऱ्या मुलाला पातेल्यात किती उरले आणि रांगेत किती जण उरले, ह्याचा अंदाज घ्यावा लागतो. शेवटच्या मुलाच्या ताटात खिचडी पडली पाहिजे, म्हणून तो पहिल्याला थोडी कमी वाढतो. गणितही तेच आणि धर्मही तोच. शासकीय शाळांत शालेय पोषण आहार रोज शिजतो. तेथे वाढण्याचे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली मुलांकडे पाळीने दिले, तर ह्यासाठी वेगळा खर्चही नाही.

येथे एका शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपल्या भाषेत 'दया' हा शब्द बहुधा वरून खाली येतो. श्रीमंत गरिबावर दया करतो, धडधाकट माणूस आजाऱ्यावर करतो. मुले हा सूर फार लवकर उचलतात आणि वर्गात एकदा 'बिचारा' ठरलेले मूल वर्षभर बिचारेच राहते. माया, जिव्हाळा, आपुलकी ह्या शब्दांना अशी उतरंड नाही. शिक्षकांनी मुलांशी बोलताना हेच शब्द वापरावेत, असे आम्ही सुचवितो.

बक्षिसांचाही विचार करावयास हवा. जर्मनीतील लायपझिग येथील माक्स प्लांक संस्थेत फेलिक्स वार्नेकेन व मायकेल टोमासेलो या संशोधकांनी दीड वर्षाच्या मुलांसमोर वस्तू खाली पाडून पाहिल्या. मोठ्या माणसाचा हात पोहोचत नाही असे दिसताच बरीच मुले न सांगता ती वस्तू उचलून देत, असे त्यांना २००६ साली आढळले. २००८ च्या प्रयोगात काही मुलांना मदतीबद्दल छोटी वस्तू बक्षीस दिली गेली. पुढे बक्षीस थांबताच ही मुले इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. नुसते शाबासकीचे शब्द मिळालेल्या मुलांत अशी घट दिसली नाही. मदतीची ओढ मुलात आधीच असते. चांदणीचे स्टिकर चिकटवून आपण तिचा बाजार मांडतो. 'महिन्याचा सर्वांत दयाळू विद्यार्थी' असा फलक लावणाऱ्या शाळांनी हे लक्षात घ्यावे.

आता वर्ध्याच्या वर्गातील सर्वांत अवघड प्रसंगाकडे वळू. कापसाच्या ह्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्यांचे दुःख अनेक गावांनी भोगले आहे. २००६ साली केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. आकडेवारीत एक शेतकरी मोजला जातो. त्याचे पहिलीतले मूल पंधरा दिवसांनी दप्तर घेऊन वर्गाच्या दारात उभे राहते, तेव्हा चाळीस जोडी डोळे त्याच्याकडे वळतात. त्या दिवशी काय करावे?

मूल परत येण्यापूर्वी शिक्षिकेने वर्गाला थोडक्यात व खरे सांगावे : त्याचे बाबा वारले आहेत, त्याला वाईट वाटते आहे, कसे झाले हे त्याला कोणी विचारायचे नाही. त्याची जागा तीच ठेवावी. चुकलेला अभ्यास उतरवून देण्याचे काम एका मुलाकडे, डबा खाताना सोबत बसण्याचे दुसऱ्याकडे सोपवावे. त्या मुलाला उभे करून सर्वांकडून सांत्वन करवू नये आणि त्याच्या दुःखाचा पाठ बनवू नये. तो खेळू लागला, हसला, तर 'एवढ्यात हसतोस?' असे कोणी म्हणू नये. आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. वह्या, दप्तरे वा गणवेश वाटताना अशा मुलांना रांगेत उभे करून छायाचित्र काढण्याची प्रथा आपल्या धर्मग्रामांतूनही दिसते. देणाऱ्याला त्यात वावगे वाटत नाही. मुलाला मात्र ते छायाचित्र आयुष्यभर आठवते. वस्तू घरी पोहोचवाव्यात.

शिक्षकाच्या आवाजाबद्दल फार लिहिण्याची गरज नसावी. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने बंदी आहे. पण छडी गेली तरी टोमणा उरतो. नागपूरचे कॅथेड्रल ज्यांच्या नावाने उभे आहे, ते संत फ्रान्सिस द सेल्स सौम्यतेसाठी ओळखले जातात, आणि संत डॉन बॉस्को यांनी आपल्या संघाला त्यांचेच नाव दिले. आपल्या शाळांना हा वारसा घरचाच आहे.

वर्ध्याच्या परिसरात ह्या शिक्षणासाठी साधनेही भरपूर आहेत. सेवाग्राम आश्रमात परचुरे शास्त्रींची कुटी आहे. कुष्ठरोग झालेल्या ह्या संस्कृत पंडिताला गांधीजींनी ठेवून घेतले व ते स्वतः त्यांना मालिश करीत. सहलीला आलेल्या मुलांना बापूकुटी दाखविली जाते. ह्या कुटीपुढेही दहा मिनिटे बसवावे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-लोणी लावून शेकतात. जूने कोठे घासले ते मुलाला बोटाने दाखवावे, दुसऱ्या दिवशी बैलाला कामाला का जुंपत नाहीत हे त्याला विचारावे, आणि मगच तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल त्याच्या हाती द्यावा.

पाळीने काम देण्याला पालकांचा विरोध होतो, हे आम्ही जाणतो. 'आमच्या मुलाला झाडू मारायला शाळेत घातले नाही,' हे वाक्य दोन प्रकारच्या घरांतून येते. एका घराला ते काम कमीपणाचे वाटते. दुसऱ्या घरावर पिढ्यान्‌पिढ्या तेच काम लादले गेलेले असते, आणि त्यांचा राग पूर्णपणे न्याय्य आहे. म्हणून पाळीतून कोणालाही सूट नसावी, आणि कोणावर ती शिक्षा म्हणून कधीही लादली जाऊ नये. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पहिल्याच पालकसभेत पाळ्यांचा तक्ता सर्वांसमोर मांडावा. त्यात पहिल्या दिवसापुढे शिक्षिकेचे स्वतःचे नाव असावे, दुसऱ्या दिवसापुढे मुख्याध्यापकांचे.