ले-ऑफ म्हणजे हिशेब नव्हे

बोईसरला लागून असलेल्या तारापूर औद्योगिक वसाहतीत एखाद्या कारखान्याच्या गेटवर ले-ऑफची नोटीस लागली, की ती घरी पोचेपर्यंत 'नोकरी गेली' अशी होऊन पोचते. कुणी गावाकडची गाडी पकडतो. कुणी पुढे केलेल्या कागदावर सही करून हिशेब घेऊन मोकळा होतो. ही सही फार महागात पडते, कारण ले-ऑफमध्ये नोकरी जातच नाही.

गोंधळाचं मूळ इंग्रजीत आहे. 'ले ऑफ' हे जोडक्रियापद अनेक ठिकाणी वापरलं जातं. डॉक्टरांनी 'ले ऑफ शुगर' म्हटलं तर साखर बंद करायची. कुणी 'ले ऑफ हिम' म्हणून दटावलं तर त्या माणसाच्या वाटेला जायचं नाही. कामगारांच्या बाबतीत या शब्दाचा जुना अर्थ असा, की काम नाही म्हणून काही काळ घरी बसवायचं आणि काम आलं की परत बोलवायचं. पुढे अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या कायमच्या नोकरकपातीलाही हाच शब्द सर्रास लागू लागला आणि बातम्यांमधून तोच अर्थ आपल्याकडे रुजला. म्हणून सॉफ्टवेअर कंपनीच्या ले-ऑफची बातमी वाचून तारापूरच्या कारखान्यातल्या नोटिशीचा अर्थ लावू नये.

इंग्रजीत अर्ज लिहिताना आणखी एक चूक होते. 'आय लेड ऑफ' लिहिलं तर काम थांबवणारे आपणच ठरतो. 'आय वॉज लेड ऑफ' असंच लिहायला हवं.

आपल्या कायद्यात ले-ऑफची व्याख्या पक्की आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात ती 1953 च्या दुरुस्तीने आली. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तरी व्याख्येचा गाभा तोच राहिला. कोळसा, वीज किंवा कच्चा माल नाही, तयार माल साठून राहिला, यंत्र बिघडलं, नैसर्गिक आपत्ती आली, अशा कारणांनी हजेरीपटावरच्या कामगाराला काम देता आलं नाही, तर तो ले-ऑफ. नाव हजेरीपटावर कायम असतं. कायमचं कमी करणं म्हणजे कामगार कपात, आणि तिचे नियम वेगळे आहेत. त्यात किमान एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार द्यावा लागतो, शिवाय सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळतो.

'घरी बसलो म्हणजे पगार शून्य' हा दुसरा समज. हंगामी नसलेल्या, 50 किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात एक वर्षाची सलग सेवा झालेल्या कामगाराला मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम द्यावीच लागते. सलग सेवा मोजताना 12 महिन्यांत 240 दिवस काम भरलेलं असलं तरी चालतं. बदली आणि नैमित्तिक कामगार मात्र यातून वगळलेले आहेत, आणि माझ्या मते ही या कायद्यातली सर्वांत दुखरी जागा आहे, कारण कारखाना थंडावला की पहिली झळ त्यांनाच लागते. ठेकेदाराकडच्या माणसाने आपलं नाव नेमकं कुणाच्या हजेरीपटावर आहे हे आधीच पाहून ठेवावं.

'आज माझा ऑफ आहे' यातला ऑफ निराळा. ती साप्ताहिक सुट्टी, आणि ले-ऑफच्या काळात मध्ये येणाऱ्या साप्ताहिक सुट्टीची भरपाई मिळत नाही. बारा महिन्यांत 45 दिवसांपलीकडे भरपाई बंद करायची असेल, तर कामगारांशी तसा करार झालेला असावा लागतो.

सर्वांत जास्त नुकसान करणारा समज म्हणजे 'काम नाही, मग गेटवर कशाला जायचं?' भरपाईसाठी कामाच्या दिवशी ठरलेल्या वेळी निदान एकदा हजेरी लावावी लागते. वेळेवर हजर होऊनही दोन तासांत काम मिळालं नाही, तर तो दिवस ले-ऑफचा धरतात. गावाला निघून गेलेला माणूस हा हक्क गमावू शकतो. त्याच मालकाच्या जवळच्या दुसऱ्या कारखान्यात त्याच पगाराचं, जमण्यासारखं काम देऊ केलं आणि ते नाकारलं, तरी भरपाई बुडते.

मालकालाही मनाला येईल तेव्हा ले-ऑफ देता येत नाही. 300 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला सरकारची आगाऊ परवानगी लागते. वीजटंचाई आणि नैसर्गिक आपत्ती हे त्याला अपवाद. जुन्या कायद्यात ही मर्यादा 100 कामगारांची होती, म्हणजे मधल्या आकाराच्या कारखान्यांतल्या कामगारांचं हे संरक्षण आता गेलं आहे.

गेटवर नोटीस लागली तर तिचा फोटो काढून ठेवा, रोजच्या हजेरीची नोंद मागा आणि न वाचता कुठल्याही कागदावर, विशेषतः राजीनाम्यावर, सही करू नका. शंका असेल तर आधी युनियनला किंवा कामगार विभागाच्या कार्यालयात विचारा.