पोर्ट रॉयल आणि जॉन विल्क्स बूथचे पलायन

पोर्ट रॉयल हे अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात, कॅरोलाइन काउंटीमध्ये रॅपाहॅनॉक नदीच्या काठी वसलेले छोटे गाव आहे. १७४४ मध्ये स्थापन झालेले हे गाव एके काळी तंबाखूच्या व्यापाराचे बंदर होते. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा मारेकरी जॉन विल्क्स बूथ याच्या पलायनाचा शेवटचा टप्पा या गावातून गेल्यामुळे ते इतिहासात ओळखले जाते.

पार्श्वभूमी

१४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टन येथील फोर्ड्‌स थिएटरमध्ये बूथने लिंकन यांच्यावर गोळी झाडली. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंकन यांचे निधन झाले. पाय मोडलेला बूथ आणि त्याचा साथीदार डेव्हिड हेरॉल्ड मेरीलँडमार्गे दक्षिणेकडे निघाले. बूथच्या अटकेसाठी ५०,००० डॉलरचे बक्षीस जाहीर झाले. दक्षिणेतील लोक आपले स्वागत करतील अशी बूथची अपेक्षा होती. परंतु सेनापती रॉबर्ट ली यांनी ९ एप्रिललाच शरणागती पत्करली होती. पोटोमॅक नदी ओलांडून व्हर्जिनियात आलेल्या बूथला २३ एप्रिल रोजी डॉ. रिचर्ड स्टुअर्ट यांनीही घरात राहू दिले नाही.

गावातील आगमन

२४ एप्रिल रोजी दोघे पोर्ट रॉयलसमोरील पोर्ट कॉनवे येथे पोहोचले. तेथे त्यांना विली जेट, ॲब्सालोम बेनब्रिज आणि मॉर्टिमर रगल्स हे तीन कॉन्फेडरेट सैनिक भेटले. हेरॉल्डने त्यांना आपली खरी ओळख सांगितली. त्यानंतर पाचही जण नावेने नदी ओलांडून पोर्ट रॉयलला आले.

जेटने बूथची ओळख जखमी सैनिक अशी करून देऊन पेटन कुटुंबाच्या घरी आसरा मागितला. सेरा जेन पेटन यांनी प्रथम होकार दिला. मात्र भाऊ घरी नसताना परपुरुषाला ठेवणे योग्य नाही, असे वाटून त्यांनी नंतर नकार दिला. परिणामी बूथला गावापासून सुमारे ५ किलोमीटरवरील रिचर्ड गॅरेट यांच्या शेतावर नेण्यात आले. तेथे तो बॉइड या खोट्या नावाने राहिला. जेट पुढे बोलिंग ग्रीनला गेला.

शोध आणि शेवट

२५ एप्रिल रोजी लेफ्टनंट एडवर्ड डोहर्टी यांच्या नेतृत्वाखालील सोळाव्या न्यू यॉर्क घोडदळाची तुकडी पोर्ट कॉनवेला आली. विल्यम रोलिन्स या कोळ्याने बूथचे वर्णन ओळखले आणि त्याच्याबरोबर जेट होता, असे सांगितले. जेट बोलिंग ग्रीनमधील हॉटेलमालकाच्या मुलीच्या प्रेमात असल्याचे या परिसरात माहीत होते; त्यामुळे तो कोठे सापडेल, हेही सैनिकांना कळले. नदी ओलांडून पोर्ट रॉयलमार्गे निघालेले घोडदळ गॅरेट यांच्या शेतावरून न थांबता पुढे गेले. रात्री पकडलेल्या जेटने त्यांना त्याच वाटेने परत आणले.

२६ एप्रिलच्या पहाटे तंबाखूच्या कोठाराला वेढा पडला. हेरॉल्ड शरण आला. बूथने नकार दिल्यावर कोठार पेटवण्यात आले. सार्जंट बॉस्टन कॉर्बेटची गोळी मानेत लागून जखमी झालेला बूथ सकाळी सातच्या सुमारास गॅरेट यांच्या घराच्या ओसरीवर मरण पावला. हेरॉल्डला ७ जुलै १८६५ रोजी फाशी झाली. जेटवर खटला भरला गेला नाही. त्याने साक्ष दिली.

महत्त्व

बूथ पोर्ट रॉयलमध्ये मारला गेला, हा समज चुकीचा आहे. तेथे तो थोडाच वेळ होता. तथापि, त्याच्या पलायनाची दिशा येथेच ठरली. पेटन यांच्या नकारामुळे तो गॅरेट यांच्या शेतावर गेला आणि ज्या ओळखीपाळखीच्या बळावर त्याला तेथे आसरा मिळाला, तिच्यामुळेच त्याचा मागही लागला. गॅरेट यांचे घर आज अस्तित्वात नाही. ती जागा लष्करी तळाच्या हद्दीत असून महामार्गालगत स्मृतिफलक आहे.