विश्लेषण : तळपायाची आग कोणाला दाखवायची? पोडियाट्रिस्ट नेमके काय करतात?

दात दुखला की दंतवैद्य, डोळा चुरचुरला की नेत्रतज्ज्ञ. पण पायाचे काय? कुरूप ब्लेडने तासायचे, भेगांना कोकमतेल लावायचे, चिखल्यांवर मेंदी थापायची, असा आपला रिवाज. निरोगी माणसाचे त्यात बहुधा निभावते. मधुमेह असेल तर मात्र अशा घरगुती उपायांतून झालेली छोटी जखम पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकते.

पोडियाट्रिस्ट म्हणजे कोण?

पाऊल आणि घोट्याच्या विकारांवर उपचार करणारा तज्ज्ञ. कुरूप, मांसात रुतलेले नख, टाचदुखी, न भरणारी जखम हे त्याचे रोजचे काम. अमेरिकेत त्यासाठी पदवीनंतर चार वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आणि त्यापुढे रुग्णालयातील प्रशिक्षण असते. हे तज्ज्ञ शस्त्रक्रियाही करतात. ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय स्वतःला पोडियाट्रिस्ट म्हणवून घेता येत नाही. भारतात असे तज्ज्ञ मोजके आहेत. त्यांचे काम मधुमेहतज्ज्ञ, सर्जन, अस्थिरोगतज्ज्ञ आणि शहरांतील ‘डायबेटिक फूट क्लिनिक’ करतात.

या पेशाकडे समाज कसा पाहतो?

थोडा थट्टेने. ‘साइनफेल्ड’ या गाजलेल्या अमेरिकी विनोदी मालिकेत पोडियाट्रिस्ट खरा डॉक्टर की नाही, यावरून विनोद झाले. पण अब्राहम लिंकन यांनी 1862 मध्ये आपल्या पायांवर उपचार करणाऱ्या आयझॅकर झकारी यांना लेखी प्रशस्तिपत्र दिले होते. आपल्याकडे तर पायाला मोठा मान. आपण मोठ्यांच्या पाया पडतो, वारीच्या वाटेवर वारकऱ्यांचे पाय चेपणे ही सेवा मानतो. स्वतःचा तळवा मात्र महिनोन्महिने पाहत नाही.

मधुमेहात धोका का वाढतो?

‘आयसीएमआर-इंडियाब’च्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे 10.1 कोटी मधुमेही आहेत. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पायाच्या नसा खराब होतात. तळपायाची आग मस्तकात जाणे हा वाक्प्रचार रागासाठी आहे, पण तळव्यांची खरीखुरी आग किंवा मुंग्या हे नसांच्या विकाराचे लक्षण असू शकते. पुढे संवेदनाच कमी होते. पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, खडा टोचला तरी दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो आणि जखम खोल जाते. रक्तपुरवठाही कमी असेल तर ती भरत नाही. मधुमेहींपैकी 19 ते 34 टक्क्यांना आयुष्यात कधीतरी पायाला अशी जखम होते, असा अंदाज आहे.

भारताचा यात वाटा काय?

डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरमध्ये कुष्ठरुग्णांवर काम करताना दाखवून दिले, की त्यांचे पाय आपोआप ‘झडत’ नाहीत. वेदना कळत नसल्याने वारंवार इजा होते आणि पाय निकामी होतो. जखमेवरचा भार कमी केला तर ती भरते. हेच तत्त्व त्यांनी पुढे अमेरिकेत मधुमेहींसाठी वापरले. कुष्ठरुग्णांसाठी वापरली जाणारी मऊ रबरी तळाची ‘एमसीआर’ चप्पल आज मधुमेहींनाही दिली जाते.

तपासणी कशी होते?

सोपी आणि वेदनारहित. 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून स्पर्श कळतो का, हे पाहतात. पायाची नाडी, त्वचा, नखे आणि पादत्राणेही तपासली जातात. ही तपासणी वर्षातून किमान एकदा करावी.

घरी काय करावे?

• रोज रात्री तळवे व बोटांच्या बेचक्या पाहा. वाकता येत नसेल तर आरसा वापरा किंवा घरच्यांना सांगा.
• घरातही अनवाणी फिरू नका. दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर विशेष जपा.
• कुरूप ब्लेडने कापू नका, औषधी पट्टीही स्वतःहून लावू नका.
• पाय गरम पाण्यात बुडवण्याआधी कोपराने अंदाज घ्या. धुतल्यावर बेचक्या कोरड्या करा.
• नखे सरळ कापा. बूट-चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवा.
• फोड, लाली, सूज, काळेपणा किंवा पाणी येणारी जखम दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, मग ती दुखत नसली तरी. मधुमेहींच्या पायाबाबत न दुखणे ही दिलाशाची गोष्ट नसते.