भिंतीतले विष

निर्वासिताचे मूल नव्या देशात पोचले की त्याची तपासणी होते. क्षय आहे काय? जंत आहेत काय? लसी टोचल्या आहेत काय? हे सारे आवश्यकच आहे. परंतु या प्रश्नांमागे एक गृहीत असते : रोग हा माणूस बाहेरून घेऊन येतो. या गृहीतापायी काय निसटते, ते एका घटनेवरून पाहू.

मार्च २००० मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात दोन वर्षांच्या एका सुदानी निर्वासित मुलीला ताप आला, उलट्या झाल्या. घशात जंतुसंसर्ग आढळला. औषध देऊन तिला घरी पाठवण्यात आले. अंगात रक्त कमी होते, हेही दिसले होते. एप्रिलमध्ये ती दगावली. तिच्या दर १०० मिलिलिटर रक्तात ३९१ मायक्रोग्रॅम शिसे निघाले. आज ३.५ मायक्रोग्रॅमलाच तेथे सावध होतात.

हे शिसे सुदानमधून आलेले नव्हते. ते आले अमेरिकेत राहायला मिळालेल्या जुन्या घराच्या रंगातून. घरांसाठी शिशाचा रंग वापरण्यावर तेथे १९७८ साली बंदी आली. जुन्या भिंती मात्र तशाच राहिल्या. आणि जुनी, पोपडे सुटलेली घरे गरिबाच्याच वाट्याला येतात.

रांगते मूल धूळ लागलेले हात तोंडात घालते, पोपडे चघळते. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल, तर आतडे शिसे अधिक शोषून घेते. म्हणजे छावणीतली उपासमार आणि नव्या घराची भिंत या दोन्ही मिळून मूल मारतात. पोटदुखी, चिडचिड, मरगळ ही लक्षणे शंभर रोगांत दिसतात. पुष्कळदा तर लक्षणच नसते. बुद्धीची वाढ तेवढी मुकाट्याने खुंटते. म्हणून रक्त तपासल्यावाचून निदान नाही.

तेही एकदा तपासून भागत नाही. न्यू हॅम्पशायरमध्येच पुढे असे आढळले, की आल्या वेळी निर्दोष ठरलेल्या अनेक निर्वासित मुलांच्या रक्तात काही महिन्यांनी शिसे वाढले होते. त्यामुळे सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी, असा तेथील रोगनियंत्रण केंद्राचा दंडक आहे.

ही दुसरी तपासणी खरे पाहता मुलाची नसतेच. ती त्याला दिलेल्या घराची असते. घाण माणसात शोधायची आणि त्याला राहायला दिलेल्या जागेकडे पाहायचे नाही, ही रीत आपल्याला नवी नाही. कार्यकर्त्याने आजारी मुलाच्या आईला ‘कुठून आलात?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘राहता कुठे?’ हेही विचारावे, आणि ते घर डोळ्यांनी पाहून यावे.